रुग्णाईताची भीती
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



अशा मंगल प्रसंगी साथीच्या रोगाची गोष्ट कशाला, असे कित्येकांच्या मनात येईल. परंतु येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी २०२० व २०२१ साली इस्पितळाची खाट एकट्याने भोगली आहे, आणि त्यांचे बोलणे अजून कोणी नीट ऐकलेले नाही.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी येथे डॉ. व्हिएगस या आपल्या गोमंतकीय ख्रिस्ती बंधूने गाठीचा प्लेग ओळखला. ऑक्टोबरात रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम सुटला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेथे रोग्याच्या अंगातून मोमियाई काढतात, अशी वदंता होती.

लोक अडाणी म्हणून भ्याले, असे म्हणण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. प्लेगवर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. घरचे लोक रोगी लपवीत. तो अगदी शेवटच्या घटकेस उचलून नेला जाई आणि तेथे मरे. शेजाऱ्यांना दिसे ते इतकेच, की गेला तो परत आला नाही. त्याच्या मुखात पाणी कोणी घातले, हे कळण्यास मार्ग नव्हता. पुढे निरनिराळ्या समाजांस स्वतःची इस्पितळे काढू दिली, आप्तांना जवळ येऊ दिले, तेव्हा ती भीती पुष्कळ ओसरली. औषध मात्र अजूनही नव्हतेच!

पुण्याकडे सावित्रीबाई फुले यांनी प्लेगचा एक मुलगा पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. सरकारी शिपायांनी उचलून नेणे आणि असे पाठीवर घेणे, यांतील अंतर रोग्यास सांगावे लागत नाही.

कोविडच्या वेळी वैद्यक फार पुढे गेले होते. दुःख मात्र जुनेच होते. डोळ्यांखेरीज काही न दिसणारी माणसे खाटेशी येत. म्हणून काही परिचारिका अंगरख्यावर आपले नाव लिहून ठेवीत. आम्हा धर्मगुरूंनाही अनेक ठिकाणी आत जाता आले नाही. ज्यांना शेवटचे तेल मिळणे शक्य नव्हते, अशा मरणोन्मुखांसाठी रोमहून २० मार्च २०२० रोजी पूर्ण दंडमाफीचा आदेश निघाला. तो मोठा आधार होता. तथापि कपाळावर हात ठेवण्याचे काम कोणत्याही आदेशाने होत नाही.

सांक्रिस्तीत एक कोरी वही ठेविली आहे. ज्यांनी ती खाट भोगली, त्यांनी तीत लिहावे: कोणी पाणी दिले, कोणी नावाने हाक मारली, आणि कोणी मारली नाही. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे मी स्वतः लिहून घेईन. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर मी तेथेच असतो.