स्वादुपिंडाचे आरोग्य आणि आपला आहार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. पचनासाठी रस आणि रक्तातील साखरेच्या नियमनासाठी इन्सुलिन निर्माण करणे हे त्याचे कार्य होय. त्याचा कर्करोग बहुधा मुका असतो. कावीळ, पाठीत भिनणारी पोटदुखी, अकारण येणारी कृशता ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. म्हणून प्रतिबंधाचा विचार विशेष अगत्याचा आहे.

ह्या रोगाचे एक सिद्ध कारण तंबाखू. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी शिरलेल्या खर्ऱ्यात सुपारी व चुन्यासह तंबाखूच असते. आणि चघळण्याच्या तंबाखूनेही हा कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली दिला. दुसरे कारण स्थूलता. ह्याच संस्थेने २०१६ साली तिचाही संबंध मान्य केला. वाढलेल्या मेदामुळे शरीरात मंद दाह धुमसत राहतो आणि इन्सुलिनचे प्रमाण चढते. रोवणी करणाऱ्या, मोहफुले वेचणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचे अन्न अंगमेहनतीत जिरत असे. बल्लारपूर-चंद्रपुरात खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्याचे ते जिरत नाही, आणि त्यात तळलेल्या व गोड पदार्थांची भर पडते.

तिसरा विषय आतड्यांतील सूक्ष्म जंतूंचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्वादुपिंडाच्या ११३ गाठींपैकी ८६ गाठींत जंतू आढळले. त्यांतील काही जंतू जेमसिटाबिन हे औषधच निकामी करतात, असेही दिसले. जंतूंमुळे रोग उद्भवतो काय, ह्याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. तथापि भाजीपाला व कडधान्यांतील तंतूंवर हितकर जंतू पोसले जातात आणि आतड्याचे अस्तर सुदृढ ठेवतात, एवढे निश्चित. अंबाडी, तरोटा, लाखोळी, जवस ह्यांना गरिबांचे अन्न म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

गडचिरोलीत २०१६ साली डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' हे कार्य सुरू झाले. पाहुण्यापुढे खर्रा ठेवणे हा आपण आदर समजतो. तोच पाहुण्यास रोग देतो. ह्या वर्षी आपल्या ज्ञातीतील एकाही लग्नमंडपात खर्रा वाटला जाऊ नये, असा ठराव ह्याच संमेलनाने करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.