परांचीवरून पडणाऱ्याचा मालक कोण?



बांधकामावरील परांची तुटते आणि गवंडी चौथ्या मजल्यावरून खाली येतो, तेव्हा पहिली धावपळ होते ती त्याला रुग्णालयात नेण्याची, आणि दुसरी कागदांची. सकाळी मजूर-नाक्यावरून आणलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर बहुधा नसतेच. पोलिसांपुढे मुकादम उभा राहतो. मुकादम पोटकंत्राटदाराकडे बोट दाखवतो, पोटकंत्राटदार कंत्राटदाराकडे. आणि रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर ज्याचे नाव झळकते तो बिल्डर शांतपणे सांगतो, की हा माणूस आपला नव्हेच.

या उत्तराला कायद्याचा आधार नाही, आणि तो गेली शंभर वर्षे नाही. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाचा आशय स्पष्ट होता : स्वतःच्या धंद्याचे काम ज्याने कंत्राटदाराकरवी करून घेतले, त्याच्या ताब्यातील जागेत अपघात झाला, तर भरपाई थेट त्या मूळ मालकाकडून मागता येते. पुढे त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. तो त्या दोघांचा आपसातला हिशेब. इमारती बांधणे हाच ज्याचा धंदा, त्याला या कलमातून सुटका कशी मिळावी? या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याचे नाव बदलले, दायित्व बदललेले नाही.

दुसरी पळवाट ‘त्याचीच चूक’ ही. हेल्मेट घातले नव्हते, पट्टा बांधला नव्हता, दारू प्यालेला होता. (पट्टा जागेवर होता काय, हे कोणी विचारत नाही.) या भरपाईसाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली एवढे पुरते. नशा किंवा सुरक्षेच्या आज्ञेचा हेतुपुरस्सर भंग ही सबब किरकोळ व अंशतः अपंगत्वापुरती चालते. कामगार मेला वा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तीही चालत नाही.

पूर्ण अपंग कोणाला म्हणावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा एक निकाल प्रत्येक कामगार संघटनेने ध्यानात ठेवावा असा आहे. ओरिसातील जेपूर येथे १९६८ साली एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. परिशिष्टातील टक्केवारीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, असा मालकाचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या सुताराची कमाईची शक्ती संपूर्ण गेली. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निकालाने ठरवले.

मग अडते कोठे? हजेरीपटापाशी. भरपाई मजुरीवरून मोजली जाते. तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूसाठी निम्म्या मासिक वेतनाला २०७.९८ ने गुणतात. वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये झाली; त्या हिशेबाने रक्कम १५,५९,८५० रुपये होते. वेतन ६,००० च आहे असे कागदावर दिसले, तर ती ६,२३,९४० वर येते. कागदच नसेल, तर मुकादम अंत्यविधीला काही हजार देतो, अंगठा घेतो, आणि कुटुंब मिळेल त्या गाडीने गावी परतते. वास्तविक मृत्यूच्या बाबतीत वारसाच्या हाती परस्पर दिलेली रक्कम कायदा भरपाई मानीतच नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. हक्क सोडल्याचा करारही रद्दबातल ठरतो. ही गोष्ट त्या अंगठा देणाऱ्या विधवेला कोण सांगणार?

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत कोसळून तिच्या आडोशाच्या झोपड्यांतील १५ जण गेले. बहुतेक बिहारमधून आलेली मजूर कुटुंबे. कामाची वेळ नव्हती, ते झोपेत होते. पण बांधकामालगतच राहण्यावाचून ज्यांना गत्यंतर नाही, त्यांचा निवारा कामापासून तोडून कसा पाहता येईल?

म्हणून मागणी नेमकी हवी. बांधकामाच्या आवारात ज्याला इजा झाली तो मूळ मालकाचाच कामगार, असे कायद्याने गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. आज हजेरीपट न ठेवणाऱ्यालाच हजेरीपट नसल्याचा लाभ मिळतो आहे.

तोवर हाती असलेले एक हत्यार गंजत पडले आहे. कामगार अपघाताने मेल्याची माहिती कोणत्याही मार्गाने मिळाली, तरी सक्षम अधिकारी मालकाला नोटीस देऊन मृत्यूच्या परिस्थितीचे व दायित्वाचे निवेदन मागवू शकतो. वारसाच्या अर्जाची वाट पाहण्याचे कारण नाही. वृत्तपत्रातली चार ओळींची बातमीही माहितीच. ते कात्रण जोडलेले पत्र, बांधकामाचा पत्ता आणि फलकावरील नाव लिहून, दुसऱ्याच दिवशी नाक्यावरच्या संघटनेने टपालात टाकावे.