वाफेने पोलाद बिघडते का?



2028 साली उज्जैनला सिंहस्थ आहे. खानदेशातून, विदर्भातून, इंदूर-देवासच्या मराठी घरांतून कितीतरी जण क्षिप्रेच्या रामघाटावर स्नानाला जातील. मेळ्यात दाढ ठणकायला लागली की माणूस दिसेल त्या तंबूत शिरतो. तिथे मोफत शिबिर असेल, तात्पुरता दवाखाना असेल, नाहीतर रस्त्याच्या कडेला चादर पसरून बसलेला दात काढणारा. त्या शेवटच्याकडे जाऊ नका, एवढेच सांगतो. बोलायचे आहे ते पहिल्या दोघांविषयी. कारण अशा ठिकाणी विचारलेत तर एक उत्तर मिळू शकते : "वाफेच्या यंत्रात घातली की हत्यारांची धार जाते, म्हणून आम्ही उकळून घेतो."

आधी उकळण्याचे बघू. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी शंभरलाही नाही, साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. त्यात बरेच जंतू मरतात, पण धनुर्वातासारख्या रोगांच्या जंतूंचे बीजाणू टिकू शकतात. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते : 121 अंशांना किमान 15 मिनिटे, किंवा 134 अंशांना किमान 3 मिनिटे. यंत्र तापायला आणि हत्यारे वाळायला लागणारा वेळ वेगळा. हेच ऑटोक्लेव्ह. तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचेच.

आता पोलाद. दातांवरचे कीटण काढायचे स्केलर, कात्र्या, छिन्न्या अशी धारेची हत्यारे बहुधा कठीण केलेल्या स्टेनलेस पोलादाची असतात. कारखान्यात ते हजार अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करतात, म्हणजे लोहाराच्या भाषेत त्याला पाणी देतात. मग ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा थोडे तापवतात; ही दुसरी उष्णतासुद्धा दीडशे-दोनशे अंशांच्या खाली सहसा नसते. जे पोलाद तेवढे सोसून आले आहे, त्याचे पाणी 134 अंशांच्या वाफेने कसे उतरेल? उतरत नाही. कोरड्या उष्णतेच्या ओव्हनमध्ये 160 अंशांना दोन तास किंवा 170 ला एक तास ठेवतात, त्यानेही चांगल्या पोलादाची कठीणता फारशी ढळत नाही. पाणी उतरते ते स्पिरिटच्या दिव्यावर टोक लाल होईपर्यंत धरले तर. काहींना ती ज्योत फार शास्त्रशुद्ध वाटते. हत्याराची वाट लावण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

मग वाफेतून काढलेल्या हत्यारांवर डाग आणि खड्डे का दिसतात? दोष उष्णतेचा नसतो, पाण्याचा आणि हयगयीचा असतो. स्टेनलेस पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि तोच गंजापासून राखतो. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये हत्यारे तासन्‌तास बुडवली, रक्त तसेच वाळू दिले किंवा बोअरवेलचे जड पाणी यंत्रात ओतले, की तो थर जागोजागी फाटतो. गंज धारेच्या रेषेवर बसला की धार गेलीच. साध्या कार्बन पोलादाची हत्यारे स्टेनलेसबरोबर एकाच ट्रेमध्ये ओली ठेवली तर त्यांचा गंज शेजाऱ्यालाही डागाळतो. कात्री किंवा चिमटा मिटलेला ठेवला तर बिजागरीत वाफ नीट पोचत नाही आणि आत ओल राहते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. रूट कॅनॉलच्या बारीक फाइली पुष्कळदा निकेल-टायटॅनियमच्या असतात. 1988 साली वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी दात सरळ करण्याच्या तारेपासून अशा फाइली बनवून त्यांची लवचीकता दाखवून दिली. वारंवार वाफ दिल्याने त्या लवकर तुटतात का, यावर संशोधकांचे एकमत नाही. काही प्रकारांत आयुष्य घटलेले दिसते, काहींत वाढलेलेही. कापण्याची क्षमता कमी होत जाते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण वाकड्या नळीत फिरताना फाइलीला येणारा थकवा हा मोठा शत्रू. दात कोरायच्या टंगस्टन कार्बाइडच्या बरांचेही तसेच : वापराने आणि गंजाने कडा झिजतात. यावर उपाय वाफ टाळणे हा नव्हे. ठरावीक वापरानंतर फाइली आणि बर फेकून द्यावेत. खर्च वाचवायला हीच जागा सापडावी, हे मला पटत नाही.

शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी तंबू आणि खुर्च्यांबरोबर डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणि विजेची पर्यायी सोय आधी मोजावी. जनरेटर बंद पडून वाफेचे चक्र अर्धवट राहिले, तर ते पहिल्यापासून पुन्हा चालवावे लागते. हत्यारे आधी घासून धुवावीत, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. आणि हत्यारांची कागदी पाकिटे पूर्ण सुकल्याशिवाय बाहेर काढू नयेत. ओल्या कागदातून जंतू सहज आत शिरतात.

आणि तुम्ही रुग्ण असाल तर खुर्चीत बसण्यापूर्वी म्हणा, "डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर फोडा." पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला आहे का, ते पाहा. रंग बदलला म्हणजे पाकीट तापले, एवढेच सिद्ध होते; पण तो बदललाच नसेल तर ते हत्यार तोंडात घालू देऊ नका. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.