गीतरामायण : सुटें आणि सलग

गीतरामायणांतील चारदोन गीतें ज्याच्या कानांवरून गेलीं नाहींत असा मराठी माणूस विरळा. परंतु ५६ ही गीतें पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानें ऐकलेला माणूसही हल्लीं तितकाच विरळा झाला आहे. मला आज बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या विरळपणाविषयीं.

हें काव्य मुळीं क्रमानें ऐकण्यासाठींच जन्मास आलें. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें आकाशवाणीवरून पहिलें गीत प्रसृत झालें आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्यास एक नवें गीत येत राहिलें. त्या वर्षीं भाद्रपद अधिक होता, म्हणून संख्या ५२ वर न थांबतां ५६ वर गेली. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. श्रोत्यास पुढें उडी मारतां येत नसे. वनवास संपण्याची वाट त्यानेंही पाहावयाची. पुढें ध्वनिमुद्रिका आल्या, मग फिती आल्या, आणि आतां खिशांतील फोनवर बोट टेकवलें कीं हवें तें गीत हजर! सोय मोठी आहे. तिला नांवें ठेवणारा मी नव्हे. पण तिच्यापायीं काय निसटतें तें एका उदाहरणावरून पाहूं.

चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो तें गीत घ्या. दुःखाच्या प्रसंगीं पुष्कळ घरीं तें लावतात. गाणारे त्यांतील तीनचार कडवीं गातात व थांबतात. असें एकटें ऐकलें म्हणजे तें वैराग्याचें प्रवचन वाटतें. आतां तेंच त्याच्या शेजाऱ्यांसह ऐका. आधीं भरत आपल्या जन्मदात्रीवर असा कोसळतो कीं ऐकणाराच ओशाळतो. त्यानंतर, भरत ससैन्य येत आहे असें पाहून लक्ष्मण रामाला धनुष्य हातीं घेण्यास सांगतो. भाऊ भावावर बाण सोडणार, अशी वेळ येऊन ठेपली आहे. अशा वेळीं राम बोलतो, आणि दोष कैकेयीचाही नाहीं व पित्याचाही नाहीं असें सांगतो. हें नुसतें तत्त्वज्ञान नव्हे; मोडत आलेलें घर सांवरण्याची ती धडपड आहे. बरें, तेवढ्यानें भरताचें समाधान होतें काय? लगेच पुढच्या गीतांत तो पोरका भाऊ पादुका मागतो. उपदेश त्यानें ऐकला, पण रित्या हातांनीं अयोध्येस परतण्याची त्याची तयारी नाहीं. रामाच्या शब्दांचें बळ येथें कळतें आणि त्यांची मर्यादाही येथेंच कळते. सुट्या गीतांत ती मर्यादा दिसतच नाहीं.

आरंभाचेंही तसेंच. रामापुढें गाणारे कुश-लव सर्वांच्या परिचयाचे आहेत. भूपांतील ती प्रसन्न चाल कोणाला आवडत नाहीं? परंतु ५५ व्या गीतांत टाकलेली सीता आपण आतां कोठें जावें म्हणून लक्ष्मणाला विचारते, आणि ५६ व्यांत वाल्मीकि तिच्या मुलांना गावयास पाठवितात. तीं मुलें जेथें जाऊन गातात तें स्थळ पहिल्या गीतांत आहे. सीतेचा प्रश्न कानीं असतां पुन्हां त्या गीताकडे वळावें, म्हणजे सभेंत बसलेल्या त्या पित्याकडे पूर्वीच्या डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, प्रत्येक गीत स्वयंपूर्ण आहे, मग एकेकटें ऐकल्यास बिघडलें कोठें? आठवड्यास एकच गीत द्यावयाचें म्हटल्यावर तें स्वयंपूर्ण असावेंच लागे, हें खरें. सर्वच गीतें सारख्या तोलाचीं आहेत असेंही नाहीं. युद्धाच्या भागांतील कांहीं मला जरा लांबलेलीं वाटतात. शिवाय ५६ गीतांना कित्येक तास लागतात, आणि नोकरीधंद्याच्या माणसानें ते आणावे कोठून? त्यानें रोज एक ऐकावें; दोन महिन्यांच्या आंत अयोध्या ते अयोध्या फेरी पुरी होते. तेंही जमत नसेल तर निदान चित्रकूटाचें गीत लावतांना त्याच्या आधींचीं दोन आणि नंतरचें एक लावा. अर्ध्यापाऊण तासाचें काम आहे.