आठवीत पेटी बंद होते
(यवतमाळ येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सकाळपासून आपण मारहाण, सातबाऱ्यावरचे नाव आणि रेशन यांवर बोललो. त्यानंतर ही बाई गाण्या-नाचाच्या शिक्षणाचे काय घेऊन बसली, असे कुणाला वाटले तर मला राग येणार नाही. बरीच वर्षे मलाही तसेच वाटायचे. कला म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, आधी भाकरीचे बघू, असे मी स्वतः मीटिंगांमधून बोललेले आहे.

लहानपणी मी भजनी मंडळात पेटी वाजवायची. तालुक्याच्या गावी एक मास्तर संध्याकाळी पाच ते सात शिकवायचे, तिथे मी आणि भाऊ दोघे जायचो. मी पेटी, तो तबला. आठवीत मला पाळी आली आणि माझी पेटी बंद झाली. मला कुणी मारले नाही की कुणी रागावले नाही. आजी एवढेच म्हणाली, "दिवे लागल्यावर कुठं जातं वो माय आता? अन् शिकून करतं काय?" मास्तर सज्जन होते, घरचेही प्रेमळ होते, तरी पेटी बंद झाली. भाऊ पुढे चार वर्षे क्लासला जात राहिला. आता सांगा, तुमच्यापैकी किती जणींचे गाणे, नाच, चित्र असे त्या वयात सुटले? हात वर करा. (जवळजवळ सगळ्यांचे हात वर.) बघा, म्हणजे ही माझ्या आजीची एकटीची गोष्ट नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. दिग्रस-पुसद भागातल्या शाळांत माझी बरीच नोकरी गेली. तिथे तांड्यावरची एक मुलगी माझ्या वर्गात होती. श्रावणात तीज असते, तुमच्यातल्या बंजारा मैत्रिणींना सांगायला नको. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, पाणी घालतात, नऊ दिवस फेर धरून गातात-नाचतात. ही मुलगी सातवीत असताना साऱ्या तांड्याच्या मुलींना पुढे होऊन गाणे सांगायची. एकदा ऐकलेली चाल ती विसरत नसे. गॅदरिंगमधल्या नाटकात तिने म्हातारीचे काम केले, तेव्हा पुढे बसलेल्या बायका हसता हसता रडायला लागल्या. मी तिच्या वडिलांना जाऊन भेटले. म्हटले, हिला हे नीट शिकू द्या. ते म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाये, मले समजते. पण तुमीच सांगा, कोणत्या शाळेत घालू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शोधले, तेव्हा लक्षात आले की शिकवणाऱ्या संस्था आहेत, पण त्या मुलीच्या वयाला पुऱ्या पडत नाहीत. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून आहे, तिथे बारावीनंतर जाता येते. मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय कनक रेळे यांनी काढले, तेही महाविद्यालयच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठी तर आधी पदवी लागते. म्हणजे दार उघडते ते अठराव्या-एकविसाव्या वर्षी, आणि आपल्या मुलीची पेटी बंद होते तेराव्या वर्षी. मधली पाच-आठ वर्षे कोण सांभाळणार? ज्यांच्या घराजवळ क्लास आहे आणि फी भरायला पैसे आहेत, त्यांची सोय होते. दहावीला शास्त्रीय गायन, नृत्य, चित्रकला, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात, चांगली गोष्ट आहे. पण ते मिळतात परीक्षेचे किंवा संस्थेचे प्रमाणपत्र दाखवून. तांड्यावर नऊ दिवस फेर सांगणाऱ्या मुलीला प्रमाणपत्र कोण देणार? तिची आजी? तिच्याजवळ विद्या आहे, शिक्का नाही.

अशी शाळा असूच शकत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. न्यूयॉर्क शहरात 1936 साली महापौर ला गार्डिया यांनी संगीत आणि चित्रकलेचे सरकारी हायस्कूल काढले. चाचणी देऊन प्रवेश, फी नाही. अमेरिका लांब राहिली, आपल्या केरळात बघा. कवी वल्लथोळ यांनी 1930 साली केरळ कलामंडलम् सुरू केले. तिथे आठवीपासून मूल दाखल होते, कलेचे शिक्षण घेते आणि शाळेचे नेहमीचे विषयही शिकते. हे वाचून मला फार आनंद झाला होता. पण पुढचे वाचले आणि आनंद निम्मा झाला. तिथल्या कथकली अभ्यासक्रमात मुलींना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो 2021 साली. स्थापनेनंतर एक्याण्णव वर्षांनी! बायकांना कथकली जमत नाही म्हणावे, तर त्याच केरळात त्रिपुणितुरा इथे नुसत्या स्त्रियांचा कथकली संच 1975 पासून उभा होता. शाळेचे दार मात्र बंदच. म्हणून मी म्हणते, नुसती शाळा मागून भागत नाही, त्या शाळेत आपल्या मुलीला काय शिकू देणार, हेही विचारावे लागते.

दुसरी भीती तुमच्या चेहऱ्यांवर मला दिसते आहे, तिच्याबद्दल बोलते. वसतिगृह, पहाटेचा सराव, गुरूच्या पाया पडणे, गुरू सांगेल ते ऐकणे. चेन्नईच्या कलाक्षेत्रात 2023 च्या मार्चमध्ये विद्यार्थिनी लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन धरणे धरून बसल्या. राज्य महिला आयोगापर्यंत प्रकरण गेले, एका अध्यापकाला अटक झाली. ही रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 साली उभारलेली नामांकित संस्था. मग माझी आजी बरोबर होती का? मी यावर खूप विचार केला आहे. आजीला धोका कळला होता, पण तिने बंद केले ते मुलीला. आपण तक्रार समिती मागू. 2013 च्या कायद्याने ती संस्थांवर बंधनकारक आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे. त्या मुली धरण्याला बसल्या, शिक्षण सोडून घरी गेल्या नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण तुम्हाला माहीत आहे. 'तेरवं' हे नाटक श्याम पेठकरांनी लिहिले, हरीश इथापे यांनी बसवले, आणि त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांनी स्वतः कामे केली. त्यातल्याच कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झाले, नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, आणि उद्घाटन वैशालीताईंनी केले. त्यांचे भाषण ऐकून आपल्यापैकी कित्येकींना अभिमान वाटला. मलाही वाटला. पण घरी गेल्यावर एक गोष्ट मनात खुपत राहिली. या बायकांच्या अंगात हे सगळे होतेच की! ते बाहेर यायला घरातला माणूस जावा लागला. शाळेत असताना त्यांना कुणी दहा मिनिटे रंगमंचावर उभे केले असते तर?

आता कामाचे बोलते. मोठे हायस्कूल मिळायचे तेव्हा मिळेल, ती मागणी आपण ठरावात घालूच, आणि त्यात तीजची, भजनाची, भीमगीतांची जाणकार बाई शिक्षक म्हणून नेमता आली पाहिजे, हेही घालू. (इथे एका मैत्रिणीने विचारले, डिग्री नसलेल्या बाईला पगार कोण देणार? मी म्हटले, ठरावात तेच लिहायचे आहे.) पण 2009 चा शिक्षण हक्क कायदा आपल्या हातात आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक हवा, असे तो कायदा सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्यात, हेही तोच सांगतो. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या समितीवर आहेत आणि सह्या करण्यापुरत्या जातात. पुढच्या बैठकीत विचारा, आमच्या शाळेत कलेचा शिक्षक आहे का? नसेल तर का नाही? चित्रकलेच्या आणि गाण्याच्या तासाला गणित घेता का? आणि क्लास शाळेच्या वेळेतच घ्या, दिवे लागायच्या आधी, हा आग्रह धरा. आजीचे म्हणणे तिथेच निकालात निघते.

ती तांड्यावरची मुलगी? तिचे दहावीनंतर लग्न झाले. परवा पुसदच्या एस.टी. स्टँडवर भेटली, कडेवर लहान पोर होते. म्हणाली, "बाई, मी आता तांड्यावरच्या पोरींना तीजची गाणी सांगते." मी तिला विचारले, शाळेत येऊन सांगशील का? ती हसली, म्हणाली, "शाळेवाले बोलावतील का?" तिच्या गावच्या शाळेच्या समितीवर आपल्या गटातल्या दोघी आहेत, त्या आज इथे बसल्या आहेत.

अर्जाचा नमुना मी लिहून आणला आहे, झेरॉक्स कमी आहेत. जेवणाच्या सुट्टीत दोघींत एक घ्या.