रविवार कोणाचा?

(महिला दिनानिमित्त भरलेल्या मेळाव्यात पुण्याच्या एका संगणक अभियंता मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

मला बोलावताना तुमच्या कार्यकर्तीने विषय दिला, ‘संगणक क्षेत्रातली बाई आणि तिचे डोंगर’. मी चळवळीत वाढलेली नाही आणि नाव घ्यावं अशी गिर्यारोहकही नाही. वीसेक वर्षं संगणकाचे प्रोग्राम लिहून पोट भरलं, मध्ये पाच वर्षं नोकरी सोडून घरी होते आणि चाळिशीला सह्याद्रीत भटकायला लागले. नोकरी, घर आणि डोंगर या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. पण माझ्या आयुष्यात त्या तिन्हींना जोडणारा एकच प्रश्न आहे: बाईच्या तासांवर हक्क कोणाचा? आज त्याबद्दलच बोलणार आहे.

मी १९९८ साली सांगलीहून पुण्याला पहिल्या नोकरीवर रुजू झाले. तेव्हा सगळीकडे ‘वाय-टू-के’ची घाई होती. जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष लिहायला दोनच आकडे ठेवलेले असायचे. २००० साल उजाडलं की संगणक त्याला १९०० समजणार, म्हणून लाखो ओळी वाचून दुरुस्त करायच्या होत्या. हे प्रोग्राम मुख्यतः कोबोल भाषेतले. ती भाषा ज्या पायावर उभी राहिली, तो रचणारी ग्रेस हॉपर ही बाई होती, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. १९४६ साली अमेरिकेत ‘एनिॲक’ हा प्रचंड संगणक लोकांसमोर आणला गेला. त्याचे प्रोग्राम सहा तरुणींनी बसवले होते, पण त्या समारंभात त्यांची ओळखसुद्धा करून दिली गेली नाही. म्हणजे हे काम बायकांना जमेल का, हा प्रश्नच मुळात उलटा आहे. सुरुवातीला ते बायकांचंच काम मानलं जाई. पुढे त्याला पैसा आणि मान मिळायला लागला, तेव्हा ते पुरुषांचं झालं.

२००१ साली लग्न झालं, २००४ साली मुलगी झाली. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. तीन महिन्यांची पोर, सासूबाईंचे गुडघे दुखणारे, जवळपास धड पाळणाघर नाही. राजीनामा द्यायला मला कोणी सांगितलं नाही. कोणी सांगावंच लागत नाही, ही तर खरी मेख आहे. ‘तुझी नोकरी की माझी?’ अशी चर्चाही आमच्या घरात झाली नाही. उत्तर ठरलेलंच होतं.

२०१७ साली कायदा बदलला. पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. ही मोठी गोष्ट आहे, त्यासाठी भांडलेल्या सगळ्यांचे आभार. पण रजा आईलाच मिळते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे; खाजगी कंपनीतल्या बापाला रजा द्यायची सक्ती कुठल्या कायद्याने नाही. मूल दोघांचं आणि रजा एकीची. मग मालक मुलाखतीला आलेल्या बाईकडे बघूनच हिशेब मांडणार.

पाच वर्षांनी, २००९ साली, मी परत नोकरी शोधायला निघाले. ‘मधली पाच वर्षं काय करत होता?’ असं विचारायचे. ‘घरी बसले होते’ असं म्हणायची पद्धत आहे. बसायला मिळालं असतं तर! मुलाखतीत कोबोलवर दोन प्रश्न आणि मुलीवर पाच. ती आजारी पडली तर कोण बघणार? उशीर झाला तर घरी चालेल का? माझ्या शेजारी बसलेल्या, दोन मुलांच्या बापाला यातलं काहीच विचारलं नसेल. शेवटी टेस्टरची नोकरी मिळाली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. पगार सोडताना होता त्यापेक्षा कमी. मी जिला कधीकाळी काम शिकवलं होतं, ती आता माझी प्रमुख होती. तिने मला फार सांभाळून घेतलं, हेही सांगायला हवं.

त्याच सुमारास स्टेफनी शर्लीबद्दल वाचलं. इंग्लंडमध्ये १९६२ साली या बाईने सहा पौंडांच्या भांडवलावर प्रोग्राम लिहून देणारी कंपनी काढली. लग्न किंवा मूल झाल्यामुळे नोकरी सुटलेल्या बायकांना तिने घरून काम दिलं. पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा ‘स्टीव्ह’ या पुरुषी नावाने सही करायला लागली, मग दारं उघडली. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग तिच्या कंपनीतल्या बायकांनी घरी बसून केलं. वाचून मला धीर आला. घर सांभाळताना बुद्धीला गंज चढत नाही, गंज चढतो तो बघणाऱ्याच्या नजरेला. रात्री साडेदहाला ओटा आवरला की जेवणाच्या टेबलावर मी नवी भाषा शिकायला बसायची. २०१२ साली पुन्हा प्रोग्राम लिहिण्याच्या कामावर आले.

आता डोंगराकडे येते. आमच्या घरी रविवारी पहाटे सिंहगड चढायची जुनी परंपरा होती. ती फक्त माझ्या नवऱ्याची होती. तो मित्रांबरोबर जायचा, वर दही खायचा, दहाला घरी यायचा. तोवर माझा नाश्ता, धुणं, आठवड्याची भाजी, मुलीचा अभ्यास. त्याच्या जाण्याला घरात ‘व्यायाम’ म्हणत. २०१६ साली, चाळिसाव्या वर्षी, ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर राजगडला जायचं मी ठरवलं, तेव्हा शब्द आला, ‘थेरं’.

भांडण झालं नाही. मी एका वहीत आठवडाभर घरातल्या प्रत्येकाचे तास लिहून काढले आणि ती वही टेबलावर ठेवली. प्रोग्रामरची सवय; चूक कुठे आहे ते आधी शोधायचं. आमच्या वहीत जे दिसलं, तेच पुढे देशाच्या पाहणीत दिसलं. २०१९ साली केंद्र सरकारने पहिल्यांदा देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. आकडे आले २८९ आणि ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाने आपलीही नऊ वाचवून घेतली! आणि हे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आकडे आहेत बरं का. हात न लावणारे यात धरलेलेच नाहीत.

वही बघून नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आधी सांगायचंस.’ हे वाक्य तुम्ही प्रत्येकीने ऐकलं असेल. सांगायचं कामही आपलंच! पण महिन्यातला एक रविवार माझा, असं ठरलं. नंतर दोन झाले. पहिल्या वेळी मी नाश्ता करून, डबे भरून निघाले होते. दुसऱ्या वेळी नुसती सॅक पाठीला लावली आणि बाहेर पडले. राजगड चढण्यापेक्षा ते दार ओलांडणं अवघड होतं, एवढंच सांगते.

आपल्या गोष्टींमध्ये कडा उतरणारी बाई कोण? रायगडची हिरकणी. घरी तान्हं बाळ आहे, गडाचे दरवाजे बंद झाले, म्हणून जीव धोक्यात घालून ती उतरली. तिच्या धाडसाला मान मिळाला, कारण ते बाळासाठी होतं. बाईने स्वतःसाठी, नुसत्या आनंदासाठी कडा चढावा, याची गोष्ट कुठे आहे? १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, जपानची जुन्को ताबेई एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई ठरली. ती बायकांच्याच मोहिमेतून गेली होती. शिखर गाठण्याआधी बारा दिवस तिचा तंबू हिमप्रपातात गाडला गेला होता. तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ‘मुलं वाढवायची सोडून हे काय?’ असं त्या मोहिमेतल्या बायकांनाही ऐकून घ्यावं लागलं होतं.

पण अशी एक गोष्ट आपल्याकडेही आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरावर बसलेली आहे. कळसूबाई, उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. तिथे गोष्ट सांगतात ती अशी. कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाघरी कामाला राहिली. तिने अट घातली होती की झाडलोट आणि भांडी घासायचं काम करणार नाही. एक दिवस तिला तेच करायला लावलं. तिने काम उरकलं आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती तिथेच राहिली. आज तिचं देऊळ आहे, नवरात्रात माणसं रांगेने चढतात. मला वाटतं, आपण तिला देवी केलं आणि तिची अट विसरलो.

कळसूबाईला मी २०१८ साली गेले. वर उभं राहिलं की एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंगचे कडे. मन भरून आलं. पण उतरताना एक गोष्ट टोचत राहिली. वाटेवर लिंबू सरबत विकणाऱ्या गावातल्या बायका होत्या. माझ्या वयाची एकजण डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन, साध्या चपलेने, मी दोनदा बसले तो चढ न थांबता चढून गेली होती. तिला विचारलं, ‘रोज चढता?’ ती म्हणाली, ‘गिऱ्हाईक वर असतंय, मग चढायलाच पाहिजे की ताई.’ माझा मोकळा दिवस तिचा कामाचा दिवस होता. तीच गोष्ट घरची. माझा रविवार सुटावा म्हणून आमच्या मोलकरीण मावशींचा रविवार भरणार असेल, तर मी नुसता बोजा सरकवला. आमच्याकडे आता मावशींना आठवड्याची भरपगारी सुट्टी आहे आणि रविवारची भांडी नवरा आणि मुलगी घासतात. यात मोठेपणा काही नाही. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप करून संघटना उभी केली, माणूस म्हणून मागणं मांडलं. आपण सुशिक्षित बायका त्यांच्या मागून चाललो आहोत.

२०१९ साली मला मॅनेजरची जागा देऊ केली होती. पगार बराच वाढणार होता, पण रात्रीचे फोन आणि शनिवार-रविवारही त्यात जाणार होते. मी नाही म्हटलं. ‘बायकांना महत्त्वाकांक्षा नसते,’ असं लगेच ऐकायला मिळालं. महत्त्वाकांक्षा आहे, पण चोवीस तास विकायची अट पुरुषांच्या मापाने घातलेली आहे, त्यांच्या घरी कोणीतरी स्वयंपाक करत असते म्हणून ती जमते. मग २०२० साली घरून काम सुरू झालं. शर्लीच्या बायकांना ज्याने वाट दिली, तेच आमच्या गळ्याशी आलं. एका कानाला मीटिंग, एका गॅसवर कुकर. घरून काम चांगलं की वाईट, याला सरसकट उत्तर नाही. तास कोण ठरवतं, त्यावर ते ठरतं.

२०२२ साली, मुलीचं बारावी झाल्यावर, मी नोकरी सोडली. आता चार दिवस स्वतंत्रपणे काम घेते आणि एक दिवस कॉलेजातल्या मुलींना प्रोग्रामिंग शिकवते. मिळकत कमी झाली आहे. साठलेला प्रॉव्हिडंट फंड होता, घर स्वतःचं होतं, म्हणून हे परवडलं. सगळ्यांना परवडणार नाही, म्हणून हा एकटीने सोडवायचा प्रश्न नव्हे.

एक शेवटचं. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंनी विचारलं, ‘वर गेल्यावर दिसतं तरी काय गं?’ पुण्यात पंचेचाळीस वर्षं राहिल्या, दर रविवारी मुलाला सिंहगडावर पाठवलं, स्वतः कधी गेल्या नव्हत्या. गाडीरस्त्याने त्यांना वर नेलं. खडकवासल्याचं पाणी बघत त्या तासभर बसल्या. कोणासाठी काही करत नव्हत्या. तसं बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटांपुढे तीन गोष्टी ठेवते. आठवडाभर घरातल्या सगळ्यांचे तास लिहा आणि ती वही घरात मोठ्याने वाचा. पाळणाघर आणि बापाची रजा या मागण्या जाहीरनाम्यात शेवटी टाकू नका, वर आणा. आणि वर्षातून एकदा गटाची सहल अशी काढा, की त्या दिवशी तिथे आणि घरी, कुठल्याच बाईला स्वयंपाक करावा लागणार नाही. डोंगरच हवा असं नाही. नदीकाठ चालेल, गावाबाहेरची टेकडी चालेल. समान वेतन मागताना आपण कामाच्या तासांचा हिशेब मागतो. बिनकामाच्या तासांचाही मागूया.