वणव्यावर गेलेल्यांची वाट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



तुमचा मुलगा ऑस्ट्रेलियात वणवे विझवायला जातो, त्याविषयी बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. त्याचे शौर्य मी पाहिलेले नाही. तो गेल्यावर घरात काय चालते ते पाहिले आहे, तेवढेच सांगते.

तो सिडनीच्या पश्चिमेस ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी राहतो. पोटाचा उद्योग संगणकाचा. न्यू साउथ वेल्स राज्यात गावे आणि राने यांतील आगी विझविण्याचे काम 'रूरल फायर सर्व्हिस' ही सरकारी संस्था करते, आणि तिचे 70,000 हून अधिक लोक बिनपगारी स्वयंसेवक आहेत. कोणी सुतार, कोणी मास्तर, कोणी दुकानदार. पगार नाही तर ही उठाठेव कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला विचारले. शेजाऱ्याची गंजी पेटली तर आपण बादली घेऊन धावतोच ना? तेथे त्या धावण्याला शिक्षण, पिवळा पोशाख आणि बंब दिला आहे, इतकेच.

2019 साली मी सुनेच्या बाळंतपणासाठी गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस वीज पडून गॉस्पर्स माउंटनच्या रानात आग लागली होती. ती पुढे पाच लाख हेक्टरांहून अधिक रान जाळून गेली. डिसेंबरात सूर्य तांबडा दिसे आणि अंगणातल्या दोरीवर राख बसे, त्यामुळे बाळाची दुपटी घरातच वाळवावी लागत. पन्हळीत पाला साचला तर ठिणगीने छप्पर पेटते, म्हणून सून शिडीवर चढून तो काढी. बाळंतीण बाई शिडीवर! पण माझे कोण ऐकणार? न्हाणीतले टब भरलेले, दाराच्या फटींसाठी ओले टॉवेल, बाळाची पिशवी गाडीत.

तो कामावर असताना आपण होऊन फोन करायचा नाही, हा तिचा नियम होता. 'हातात पाण्याची नळी असते हो आई, खिशातला फोन वाजून काय उपयोग?' ती म्हणे. तो बारा-बारा, चौदा-चौदा तासांनी येई. बूट दाराबाहेर काढी, आंघोळ केल्यावाचून बाळाला घेत नसे. वरणभात झाकलेला असे. पुष्कळदा तो पानावर बसल्या बसल्याच पेंगे.

19 डिसेंबरच्या रात्री बक्स्टन गावाजवळ झाड कोसळून एक बंब उलटला आणि दोन स्वयंसेवक गेले. दोघांचीही मुले लहान. आमचा त्या बंबावर नव्हता. तो दुसऱ्या आगीवर होता. त्या दोन घरांतही कोणी पान झाकून ठेवले असेल, हे माझ्या मनातून काही केल्या जाईना.

आणि 21 तारखेला, शनिवारी, धोक्याची सर्वांत वरची पायरी जाहीर झाली असताना तो पुन्हा निघाला. मी म्हटले, 'अरे, लेकराकडे बघ.' तो म्हणाला, 'आई, मी नाही गेलो तर बंबावरचे चौघे जातीलच, पण एक हात कमी घेऊन.' यावर मी काय बोलणार? सुनेने पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि म्हटले, 'जाऊन ये.' चेहऱ्यावर काही नाही. पण भगिनींनो, त्या दिवशी तिला दूध उतरेना. बाळ रडून रडून निळे झाले. शरीर खोटे बोलत नाही.

दिवसभर तिकडे उष्ण वारा वायव्येकडून वाहतो आणि आग लांब, अरुंद पट्ट्याने पुढे सरकते. मग एकाएकी दक्षिणेचा गार वारा सुटतो. आपल्याला वाटेल, बरे झाले! पण त्याने पट्ट्याची सबंध बाजूच आगीचे तोंड होते, आणि बाजूला उभी असलेली माणसे समोर येतात. संध्याकाळी खिडकीचा पडदा उलट दिशेने हलला तेव्हा सुनेने माझा हात धरला. त्या घरी तिने हात धरला तो तेवढाच. तो रात्री दोन वाजता आला.

शेजारची एक म्हातारी रोज येई. तिच्या यजमानांनीही उभा जन्म हेच काम केलेले. 'काळजी करू नका' असे ती एकदाही म्हणाली नाही. दुपट्यांच्या घड्या घाली, बाळाला तासभर मांडीवर घेई, की सुनेचा डोळा लागे. हे सांगायचे कारण, आपल्याही वस्तीत अग्निशामक दलाच्या जवानांची बिऱ्हाडे आहेत. 1944 साली मुंबईच्या गोदीतील स्फोटात दलाचे 66 जण गेले. त्यांच्यासाठी दर 14 एप्रिलला मानवंदना होते, ते योग्यच. पण रात्रपाळीला जवान गेला असता त्याच्या घरच्या मुलाला आपण कधी तासभर आपल्याकडे आणले आहे काय? मंडळाने हे मनावर घ्यावे असे मला वाटते.

तो उन्हाळा संपेतो त्या राज्यात 26 माणसे आणि 2,400 हून अधिक घरे गेली. मार्च 2020 मध्ये कोठेही आग उरली नाही तेव्हा मी परतले.

तो अजूनही जातो. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास असते. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ म्हणजे तिकडे दुपारचे तीन, ऐन भडक्याची वेळ. त्या वेळी मी भाजी चिरीत असते. फोन करीत नाही.